गुरुवारच्या ओपीडीची खुर्ची

“...ते सगळं खरं मॅडम, पण पुढच्या गुरुवारपासून ह्या खुर्चीत बसणार कोण?”

डॉ. हर्षल पिंगळेने विचारलं आणि स्टाइलमध्ये डावा हात कोटाच्या खिशात घातला.

शेजवलकर मॅडम दाराबाहेरच्या रिकाम्या फरशीकडे बघत होत्या. त्यांचाही डावा हात खिशातच होता. अलीकडे तो कायम तिथेच असायचा. आणि काय रुबाब दिसायचा, विचारू नका! म्हातारी दारात तशी उभी राहिली की वाटायचं, अख्ख्या नाशिकचे मेंदू हिला विचारूनच चालतात. त्यामुळे डिपार्टमेंटमधली झाडून सगळी पोरं-पोरी डावा हात खिशात घालूनच राउंड घ्यायची. पहिला नंबर अर्थातच हर्षलचा.

“मॅडम, संध्याकाळी सत्कारात तुम्ही नाव जाहीर करणार ना?”

“चपला कुठायत?” मॅडमनी विचारलं.

झालं! आता चपलांची भानगड सांगायलाच पाहिजे.

फिट आलेल्या माणसाच्या नाकाला लोक चप्पल लावायचे, त्या काळात ह्या बाईंनी इथे नसांची पहिली ओपीडी उघडली. मशीन नाही, काही नाही. एक हातोडी, एक टाचणी आणि दाराबाहेर पेशंटच्या चपला. सकाळी आल्या की मॅडम आधी त्या ढिगासमोर उभ्या राहायच्या. कुठली चप्पल कुठे झिजली, ते बघायच्या. मग पहिल्या पेशंटला हाक. लोक म्हणायचे, सगळे चप्पल हुंगवतात आणि ही बाई चप्पल वाचत बसते!

आणि आज, मॅडमच्या शेवटच्या ओपीडीला, हर्षलने तो ढीगच गायब केलेला. फोटोग्राफर येणार होते ना. चपला कपाटात, आणि ज्याच्या त्याच्या पायात नव्याकोऱ्या निळ्या रबरी स्लिपर. सगळ्यांच्या सारख्या. मॅडमनीसुद्धा सकाळी आपल्या चपला गुपचूप कपाटात ठेवल्या आणि निळ्या स्लिपर घातल्या. एका शब्दाने वाद घातला नाही. खरं तर हर्षलला तिथेच शंका यायला हवी होती.

“कपाटात आहेत मॅडम. आणि आता एमआरआय आहे की आपल्याकडे! चपला कशाला?”

“येत नाही तुला. सरळ सांग.”

“मला?” हर्षलचे कान लाल झाले. “मला येत नाही?”

“काढ मग बाहेर. वाच.”

हर्षलने सगळ्या चपला आणून कॉरिडॉरमध्ये मांडल्या. बाकांवरचे पेशंट सरसावून बसले. फुकटचा खेळ कोण सोडतो?

“हा जोड,” हर्षल म्हणाला. “उजव्याचं टोक घासलंय, बाहेरची कड गेलीय. अर्धांगवायू. उजवी बाजू. जुना.”

“करेक्ट साहेब!” बाकावरून एक काका ओरडले. “मीच तो!”

मॅडमनी नुसती मान हलवली.

“हा पुढचा. दोन्ही टाचा फुटल्यात. हा माणूस पाय आपटत चालतो, कारण पायाला जमीनच कळत नाही. शुगर. आणि पथ्य अजिबात पाळत नाही.”

“सांगा डॉक्टर, सांगा ह्यांना!” एक काकू कडाडल्या. “काल परत जिलेबी आणली!”

शेजारचे काका छताकडे बघायला लागले. कॉरिडॉर खो खो हसला. हर्षलला चेव चढला. खुर्ची जवळजवळ हातात आली होती!

“हा तपकिरी जोड. बाईमाणूस. वयस्कर. डाव्या चपलेचं टोक अगदी अंगठ्यापर्यंत झिजलंय, टाच मात्र शाबूत. उजवी ठणठणीत. म्हणजे डावा पाय उचलला जात नाही, फरफटतो. पण पाय वाकडा पडत नाही...”

तो थांबला. मॅडमकडे बघून हसला.

“कंपवात. डाव्या बाजूने सुरू झालेला. काल-परवाचा नाही. बरेच महिने झालेत.”

“आणखी?”

“आणखी काय मॅडम, हिच्या आजूबाजूची माणसं एक नंबरची ठोंबी आहेत! रोज हिला चालताना बघतात आणि एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.”

“अगदी ठोंबी,” मॅडम म्हणाल्या. “बोलाव तिला.”

हर्षलने जोड उंच धरला. “ह्या चपला कुणाच्या?”

...

“अहो, कुणाच्या आहेत? लाजू नका!”

कुणीच उठलं नाही. काकांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी मान हलवली. मग काकूंची नजर हळूच जमिनीवरून सरकत सरकत गेली आणि डाव्या पायातल्या एका निळ्या स्लिपरवर थांबली. नवी कोरी स्लिपर. टोकाला सकाळपासूनच फरशीची धूळ धरलेली.

हर्षलची नजर त्यांच्या मागोमाग गेली.

...

“मॅडम...”

मॅडम वळल्या आणि खोलीत गेल्या. हर्षल उजव्या हाताने चपला छातीशी धरून मागे, डावा हात सवयीने परत खिशात. त्यांच्या डाव्या स्लिपरचा फरशीवर आवाज येत होता. सर्र... सर्र... हा आवाज तो रोज ऐकत होता. त्याला वाटायचं, म्हातारीची ऐट आहे.

मॅडम आपल्या खुर्चीपाशी गेल्या नाहीत. टेबलाच्या अलीकडे, पेशंटच्या स्टुलावर बसल्या. खिशातून डावा हात काढला आणि टेबलावर ठेवला.

हात थरथरत होता. अंगठा आणि बोट, जपमाळ ओढल्यासारखे, आपापले चाललेले.

सत्कार, नाव, फोटो, सगळं हर्षलच्या डोक्यातून पार उडालं.

“मॅडम, हे कधीपासून... तुम्ही औषध... आम्हाला का नाही...”

“किती प्रश्न! आणि उभ्याने?”

“मग... मी काय करू?”

मॅडमनी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

“बस तिथे, पिंगळ्या. पेशंट कधीची थांबलीय. आणि आधी तो हात खिशातून काढ.”