सात मोर गोदावरी

कोठीच्या नियमाला ‘का’ म्हणून विचारायचं नाही, असं गोजराला लहानपणापासून बजावलेलं होतं. आईने बजावलं, आत्याने बजावलं, आणि वडिलांनी, म्हणजे राजाच्या तूपकोठीचे कोठीवाले सटवाजी यांनी, दर अमावास्येला न चुकता बजावलं. नियम दिवाण विश्वनाथपंतांचा होता. पंतांनी केलेल्या गोष्टीला ‘का’ लागत नसे.

नियम असा. कोठीच्या भिंतीला एक लहानशी खिडकी. आत पहारेकरी हैबती. त्याने आपल्या वाट्याचं तूप न्यायला आलेल्या दरबाऱ्याचं तोंड पाहायचं नाही; कुजबुजून सांगितलेलं नाव आणि परवलीचा शब्द ऐकायचा, जुळला तर दार उघडायचं. शब्दात एक आकडा हवा, एक पक्षी हवा, एक नदी हवी. तो कुठे लिहायचा नाही. दर अमावास्येला नवा द्यायचा, जुना पुन्हा चालणार नाही. आणि तीनदा चुकला, तर पुढच्या अमावास्येपर्यंत त्या माणसाचं नाव बंद.

मार्गशीर्षात कोठीतले तुपाचे हंडे नाहीसे झाले. हैबतीने शपथेवर सांगितलं, की दार सटवाजींच्या नावाने आणि सटवाजींच्याच शब्दाने उघडलं. सटवाजी म्हणाले, मी तर तापाने अंथरुणावर होतो. पंत म्हणाले, शब्दाला काही ताप नव्हता. झालं, निकाल लागला. सटवाजींना दुसऱ्या दिवशी किल्ल्यावर कैदेत धाडायचं ठरलं.

गोजरा थेट दरबारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, की शब्द आबांचा म्हणून चोर आबाच, हे कशावरून? दरबारातल्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मुलीने ‘का’ विचारला नव्हता, पण विचारल्यातच जमा होता.

उदाजीराजे हट्टी म्हणून प्रसिद्ध होते आणि ते त्यांना आवडायचं. ते म्हणाले, “तुझ्या बापाने शब्द कुणाला सांगितला नाही, असं तोच म्हणतो. न सांगितलेला शब्द ओळखता येत असेल, तर तू ओळखून दाखव. या दरबारातल्या कुणाचाही. तीनदा चुकलीस तर बापासोबत तूही किल्ल्यावर.”

“कुणाचाही?”

“कुणाचाही.”

“मग सेनापतींपासून सुरुवात करते.”

सगळा दरबार उठून कोठीपाशी गेला. सेनापती वाटेत मिशीला पीळ देत सांगत होते, की त्यांचा शब्द त्यांच्या बायकोलाही ठाऊक नाही. गोजरा खिडकीशी वाकली, काहीतरी पुटपुटली. आतून अडसर सरकला. सेनापतींचा हात मिशीवरच राहिला.

मग खजिनदारांच्या नावाने दार उघडलं. मग राजवैद्यांच्या. मग गोजराने नम्रपणे विचारलं, की महाराजांचं नाव घेतलं तर चालेल का. महाराज म्हणाले, घे की. दार उघडलं.

“काय म्हणालीस तू?” महाराजांनी विचारलं. कान लाल झाले होते.

“सात मोर गोदावरी मार्गशीर्ष.”

एकाएकी सगळ्यांना आपापले जोडे पाहावेसे वाटू लागले.

गोजराने सांगितलं, की पंतांनी दवंडी पिटली तेव्हा लोकांना समजावं म्हणून एक उदाहरण दिलं होतं: जसे की, सात मोर गोदावरी. आपल्या डोक्याने शब्द करावा तर चुकायची भीती, दवंडीतला मात्र चुकणं शक्य नाही. म्हणून सगळ्यांनी तोच घेतला, आणि महिना बदलला की शेपटीला महिन्याचं नाव लावलं. आबांना जेवण घेऊन येताना ती अमावास्येची रांग पाहायची. नवा शब्द शोधणारा माणूस जरा तरी घुटमळतो. ही रांग धावतच सुटायची.

“खिडकीशी डोळे मिटून उभे राहतात ते एकटे पंत,” ती म्हणाली.

पंत खुलले. “कारण मी नियम पाळतो.”

“ठाऊक आहे. म्हणून तुमचा शब्द मला नाही ओळखता येणार. तुम्हीच सांगा आणि दार उघडून दाखवा.”

पंतांना खोकला आला. तो थांबेना, तेव्हा आतून हैबतीच बोलला, “पंतांचं नाव बंद आहे जी. तीनदा चुकलेत. पक्षी बरोबर होता, नदी चुकत होती.”

“नाव बंद,” गोजरा म्हणाली, “पण नातवाच्या बारशाला तुपाची धार तर काही थांबली नव्हती, पंत.”

त्या बारशाला सगळा दरबार जेवला होता. सेनापती तर तूप वाटीने प्यायले होते. ते आता आकाशाकडे पाहू लागले. शेवटी पंतांनी कबूल केलं. आपणच केलेल्या नियमात आपणच अडकलो, हे सांगायची लाज वाटली. आपलं उदाहरण सगळे वापरतात हे त्यांना पहिल्या महिन्यापासून माहीत होतं. कोठीवाल्याचं नाव घेतलं तर कुणाला संशय येणार नाही, असं वाटलं.

महाराज मग पोट धरून हसले. “म्हणजे माझ्या राज्यात नियम पाळणारा एकच माणूस, आणि चोरी त्यानेच केली!”

सटवाजींना शालजोडी मिळाली, आणि कोठी परत. तूप पंतांनी भरून द्यायचं ठरलं. नियम दुरुस्त करायचं काम महाराजांनी गोजराला दिलं, आणि तिने ते उभ्या उभ्याच केलं. शब्द दर महिन्याला बदलायचा नाही, दुसऱ्याला कळला तरच बदलायचा. पक्षी, नदी, आकडा काही नको. लांबलचक वाक्य घ्या, स्वतःचं. विसरलात तर येऊन विसरलो म्हणा, लगेच नवा घेता येईल. आणि हैबतीने तोंड पाहायचं. उदाहरण मात्र ती देणार नाही.

महाराजांनी तिला कोठीच्या परवलीची मुख्य अधिकारी नेमलं. ती खिडकीशी गेली, हैबतीच्या कानात आपला शब्द सांगून आली. महाराज अजून हसतच होते. त्यांनी सहज विचारलं, “पोरी, तू कोणता शब्द घेतलास?”

“नाही सांगणार, महाराज.”

सटवाजींनी कपाळाला हात लावला. खजिनदार घाईघाईने म्हणाले, अगं, महाराज विचारताहेत. राजवैद्य म्हणाले, महाराजांना नाही म्हणायची रीत नाही. पंतही सवयीने काही बोलणार होते.

“महाराजांना सांगितला, तर उद्या तुम्ही विचाराल,” गोजरा म्हणाली. “परवा सेनापती विचारतील. मी कुणालाच सांगणार नाही. महाराजांनाही नाही.”

महाराज पुन्हा खदखदून हसले. बाकी कुणी हसलं नाही; सगळे आपापलं लांबलचक वाक्य जुळवायच्या मागे लागले.