पाटलाचं डबकं

रानात माणसाची पायवाट पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. तळ्यावर पाणी प्यायलं की जाताना काठावरच्या रोपांना चूळभर पाणी घालायचं, अशी तिथली रीत होती.

एका साली पाऊस रुसला आणि तळं तळाला गेलं. रानाचा पाटील होता रानडुक्कर. तो म्हणाला, "आजपासून रोपांचं पाणी बंद. आधी घसे, मग झाडं!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. खार मात्र पुढं आली. जुनी झाडं वठत चालली होती. तिची पिल्लं उद्या राहणार कुठं?

"पाटील, मग तुमचं लोळायचं डबकं रोज कसं भरतं?"

"तो पाटीलकीचा मान आहे, बाई. तुला कारभारातलं काय कळतंय?"

"कारभारातलं नाही कळत. पण लेकरांच्या वाट्याचं कोण अंगाला फासतंय, ते कळतं!"

खार तरातरा डबक्याशी गेली, तोंड भरून पाणी घेतलं आणि एका रोपाच्या बुडाशी ओतलं. पाटील गुरगुरत अंगावर धावला.

तेवढ्यात मागं सात पिल्लं घेऊन पाटलीणबाई आल्या आणि डबक्यावर वाकल्या.

"सरका हो जरा," त्या म्हणाल्या, "ह्या सातांना उद्या सावली लागंल."