मोरपिसाच्या दांडीवरची परी

ज्या गावात कमळं माणसांच्या आधी उठायची, त्या गावात सगुणा राहायची. आठ वर्षांची, दोन शेपट्यांची, गुडघे कायम खरचटलेले. तिच्या फ्रॉकचा मूळ रंग कोणता, हे शिवण उसवून आत बघितलं तरच कळायचं.

तिचे बाबा पोटासाठी विहिरी बांधायचे आणि हौसेसाठी गळ टाकायचे. एकदा अर्ध्या बांधलेल्या विहिरीत पडले आणि दोन्ही पाय मोडले. वैद्यांनी पट्ट्या बांधल्या, हाडं जुळली, पट्ट्या सोडल्या, आणि आता चाला म्हणाले. पण बाबांनी पाय जमिनीला टेकवला की तो लटलट कापायचा. एक दिवस त्यांनी टेकवणंच सोडलं. दोन वर्षं झाली, भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडलेले. आई पहाटे भाजीची पाटी डोक्यावर घेऊन निघायची, दुपारी यायची. घरात भाकरी दोन आणि तोंडं तीन.

बाबांची गळाची काठी मात्र खुंटीवर तशीच होती. बोटाएवढ्या जाडीचा पिवळाधमक वेळू. त्याच्या शेंड्याला केसासारखा बारीक दोरा, दोऱ्याला मोरपिसाची पांढरी दांडी आणि खाली इवलासा गळ. दांडी पाण्यावर उभी तरंगते. मासा खाली आमिषाला टोचे मारतो तेव्हा ती थरथरते, आणि तोंडात धरून नेतो तेव्हा बुडते. बाबांनी तिला लहानपणीच शिकवलं होतं की थरथरताना हात हलवायचा नाही, बुडाली की मगच उचलायचं.

एका सकाळी सगुणानं आपल्या वाटणीच्या भाकरीतला चतकोर मोडला, पाण्यात मळला, त्याच्या गोळ्या केल्या आणि काठी घेऊन तळ्यावर गेली. कालवणाला एक मासा मिळाला तर बाबा निदान भिंतीकडून तोंड वळवतील, असं तिला वाटलं.

तळं काय सुंदर दिसत होतं! गुलाबी कमळं, पोपटी पानं, पानांवर लुकलुकणारे थेंब, आणि पाण्यात सोन्याचा चुरा सांडावा तसं कोवळं ऊन. सगुणानं गळ टाकला. दांडी उभी राहिली. तेवढ्यात एक निळा चतुर येऊन दांडीच्या टोकावर बसला. पंख ओले, अंग कुडकुडणारं.

आणि त्याच क्षणी दांडी सळकन खाली गेली, चतुर बसलेलं टोक तेवढं वर उरलं. खाली मोठा मासा होता. काठी उचलली असती तर रात्रीचं कालवण हातात होतं. पण उचलली असती तर चतुर फेकला गेला असता, आणि ओल्या पंखांनी तो बुडालाच असता. सगुणानं मनात दहा शिव्या दिल्या, काठी सैल सोडली आणि मग हळू हळू, अगदी हळू, दांडी काठाशी आणली. मासा गोळी खाऊन गेला. चतुर तिच्या तळहातावर आला.

तो चतुर नव्हताच. करंगळीएवढी परी होती. निळा झुळझुळीत झगा, त्यावर माशाच्या खवल्यांच्या टिकल्या, डोक्यात कमळाच्या केसराचा तुरा. ती पंख पिळत होती, आपण लुगडं पिळतो तसे.

पंख वाळल्यावर परीनं तिला सांगितलं की मोठा मासा सोडलास, म्हणून तुला तीन इच्छा. पण नियम होते. इच्छा गोळीच्या कानात सांगायची आणि गोळी गळाला लावायची. इच्छा याच दोऱ्यावर येणार, जाड दोरा चालणार नाही. हिसका दिलास तर गेली. मासा आला तर आधी हात ओले करायचे मगच त्याला धरायचं, कारण कोरड्या हातानं माशाचं अंग सोलतं. त्याला परत पाण्यात सोडायचं. आणि शेवटचा नियम म्हणजे ज्याची इच्छा त्यानंच मागायची.

सगुणा घाईची पोर. शेवटचा नियम नीट ऐकलाच नाही. पहिल्या गोळीला म्हणाली, माझ्या बाबांचे पाय बरे होऊ देत. दांडी हललीसुद्धा नाही. गोळी पाण्यात विरघळून गेली.

परी म्हणाली की पाय बाबांचे आहेत, तू कशी मागशील?

दुसऱ्या गोळीला तिनं सांगितलं, मला रोज पोटभर जेवू दे. दांडी थरथरली. सगुणाच्या पोटात आधीच कावळे ओरडत होते, तिनं काठी खसकन ओढली. गळ रिकामा वर आला.

आता एकच उरली. सगुणा नाक ओढत बसली. परी तिच्या गुडघ्यावर येऊन टेकली आणि गोड आवाजात म्हणाली, "सोनुली, आता शांतपणानं माग. तुला काय हवंय?"

सगुणाला कमळाच्या रंगाचा फ्रॉक हवा होता. आरशांचा, घेरदार, गिरकी घेतली की फुलणारा. ती बराच वेळ कमळांकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, "माझी इच्छा बाबांना देता येते का?"

"देता येते. पण मग तुला काही उरत नाही. आणि बाबांनी इथं येऊन स्वतः गळ टाकला पाहिजे."

"ते कसे येणार? ते तर खाटेवरून उठत नाहीत."

"ते तू बघ, बाळा. मी परी आहे, गाडीवान नाही."

शेजारच्या धुरपाकाकूकडे भोपळे विकायची हातगाडी होती. धुरपाकाकूचं तोंड लवंगी मिरची. तिनं आधी विचारलं की माझी गाडी काय वरातीला हवी का, आणि मग भोपळ्यांची माती धुऊन द्यायच्या बोलीवर गाडी दिली. सगुणानं अठ्ठावीस भोपळे धुतले.

घरी येऊन तिनं सगळं सांगितलं, पण बाबा तयारच होईनात. भोपळ्याच्या गाडीवर बसून गावातून जायचं? लोक हसतील, म्हणाले. सगुणानं हात जोडले, पाय धरले, रडून झालं. शेवटी दुसऱ्या दिवशी पहाटे, निघता निघता, आईनं डोक्यावरची पाटी खाली ठेवली.

"हसू देत," आई म्हणाली. "दोन वर्षं आपण रडत होतो तेव्हा कुणी फिरकलं नाही. आता हसायला येत असतील तर मी सगळ्यांना चहा पाजते. बसा गाडीत."

बाबा बसले.

लोक हसले. आईनं एकेकाकडे असं बघितलं की हसणं घशातच अडकलं.

तळ्याच्या काठावर बाबांनी काठी हातात घेतली. किती दिवसांनी! बोटांना सगळं आठवत होतं. त्यांनी गोळी ओठांशी नेली, काहीतरी पुटपुटले आणि गाडीत बसूनच गळ टाकला. दांडी पांढऱ्या कळीसारखी उभी राहिली. परी कमळाच्या पानाआडून बघत होती.

दांडी थरथरली. सगुणानं दोन्ही हातांनी आपलंच तोंड दाबलं. बाबा हलले नाहीत. पुन्हा थरथरली. बाबा हलले नाहीत. मग दांडी आडवी झाली, सरकली आणि गडप झाली. बाबांनी मनगट उचललं, जेमतेम उचललं, आणि काठी धनुष्यासारखी वाकली.

मासा मोठा होता, लोण्यात वळलेल्या लाडवासारखा गुबगुबीत. तो निघाला कमळांच्या दिशेनं. दोरा केसाएवढा, ओढायची सोय नाही, आणि सोडायला जास्तीचा दोराही नाही. बाबांनी हात लांब केला. अंग पुढे काढलं. आता टोकाला आले. आणखी वीतभर मासा गेला की दोरा तटकन तुटणार. यावर एकच उपाय असतो. मासा जाईल तिकडं आपणही जायचं.

बाबांनी एक पाय खाली टेकवला. मग दुसरा.

आईच्या हातातली गाडीची दांडी सुटली. सगुणानं आईचं तोंडही दाबलं.

बाबांचं लक्षच नव्हतं. डोळे पाण्यावर, काठी उंच, आणि पाय चिखलात पचक पचक. मासा वडाखालून गेला, बाबा वडाखालून गेले. मासा धुण्याच्या दगडांना वळसा घालून गेला, बाबाही गेले, एकदा धडपडले, गुडघा टेकला, उठले, आणि वर माशालाच दटावलं, "अरे हळू, लबाडा, हळू!" मागून सगुणा आणि आई, श्वास रोखून, चोरासारख्या. असं अर्धं तळं झालं. पलीकडच्या काठाला मासा दमला आणि कुशीवर आला.

रोहू होता. तांबूस खवले, प्रत्येक खवल्यात एकेक छोटी सकाळ. बाबांनी हात ओले केले, गळ अलगद काढला, माशाला दोन्ही तळव्यांवर पाण्यातच धरून ठेवलं. त्याचे कल्ले उघडले, मिटले. मग त्यानं शेपटी मारली, बाबांच्या तोंडावर पाणी उडवलं आणि गेला.

बाबा हसले. मोठ्यानं, पोट धरून. मग मागं वळून म्हणाले, "सगुणे, गाडी आण गं इकडं."

गाडी पलीकडच्या काठाला होती, मुंगीएवढी दिसत होती. बाबांनी गाडीकडे बघितलं. मग स्वतःच्या चिखलानं माखलेल्या पायांकडे बघितलं. मग मटकन खाली बसले, आणि लगेच उठूनही बघितलं, खरंच उठता येतंय का ते. येत होतं.

आईनं डोळ्यांना पदर लावत विचारलं की गोळीला सांगितलंत तरी काय.

बाबा लाजले. म्हणाले, पाय मागायची हिंमत नव्हती. एवढंच म्हटलं की एकदा या काठीला मासा लागू दे.

परी भुर्रकन आली आणि सगुणाच्या नाकाच्या शेंड्यावर बसली. "तुला काही उरत नाही असा नियम होता," ती म्हणाली. "पण नियम मीच केलाय. मोडताना मी कुणाला विचारू?"

तिनं पंख झटकले. निळं, गुलाबी, सोनेरी तुषार उडाले आणि सगुणाच्या विटक्या फ्रॉकवर पडले. बघता बघता फ्रॉक कमळासारखा झाला, घेरदार, जागोजागी खवल्यांचे आरसे चमचमणारा. सगुणानं गिरकी घेतली. प्रत्येक आरशात एकेक चिमुकली परी हसली. मग सगळ्यांचा मिळून एक लख्ख उजेड झाला, उजेड पाण्यावर पसरला, आणि तळ्यावर नुसतं सकाळचं ऊन उरलं.

दुपारी अख्ख्या गावानं बघितलं. धुरपाकाकूची भोपळ्याची गाडी परत येत होती. गाडीत राणीसारखी सगुणा बसली होती, मांडीवर वेळूची काठी. आई शेजारून चालत होती. आणि गाडी ढकलत होते बाबा.

धुरपाकाकू दारातच उभी होती. तिनं बाबांना पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं, दोनदा बघितलं, आणि चिखल लागलेली गाडी धुऊन द्यायला सांगितली. मग आत जाऊन सगळ्यात मोठा भोपळा आणला आणि सगुणाच्या मांडीवर ठेवला.