टेकूची काठी

लहानथोरांनो, ऐका. फार पूर्वी, घाटात रस्ते नव्हते आणि राजेसुद्धा पालखीतूनच डोंगर चढत, तेव्हाची ही गोष्ट.

घाटाच्या पायथ्याशी पालखी वाहणाऱ्या भोयांचं एक गाव होतं. सात पिढ्यांत त्यांच्या खांद्यावरून पालखी कधी पडली नव्हती. गावाला त्याचा केवढा अभिमान! पाळण्यातल्या पोरालाही तिथे हेच ऐकवत.

एका वर्षी म्हाताऱ्या राजमातेला डोंगरावरच्या देवीला न्यायचं ठरलं. पुढच्या दांडीचा मान एका धिप्पाड भोयाला मिळाला. अजून महिना अवकाश होता, पण गड्याने पालखी त्याच दिवशी मनात उचलली, ती खाली ठेवलीच नाही. 'माझ्याच हातून पडली तर?' घास उतरेना, झोप लागेना. रिकामा खांदा दगडासारखा कडक झाला.

वैद्यबुवांनी नाडी धरली. "तू बसला आहेस आणि नाडी घाट चढते आहे," ते म्हणाले. "यावर माझ्याकडे काढा नाही. तुझ्या आजोबांकडे जा."

आजोबा एके काळचे पुढच्या दांडीचे मानकरी. वाटेत थांबून पालखी जिच्यावर टेकवायची, ती त्यांची टेकूची काठी अजून दारामागे उभी होती.

नातू म्हणाला, "आबा, मी टेकू लावणार नाही. लोक म्हणतील, दमला."

आबा हसले. "लेका, काठीचं टोक बघ. वीतभर झिजलंय. पालखी पडली नाही ती काय नुसत्या छातीच्या जोरावर? दर वळणाला टेकवली, म्हणून पडली नाही. आणि घरी आलो की काठी दारामागे, पालखी दाराबाहेर! पोटभर जेवायचो. भीती वाटली तर तुझ्या आजीला सांगायचो."

त्या दिवसापासून नातू रोज संध्याकाळी कामावरून आला की आपली काठी दारामागे ठेवू लागला. मनातलं बायकोशी बोलू लागला. हळूहळू भूक परतली, डोळा लागू लागला.

ठरलेला दिवस उजाडला. अवघड कड्यावर त्याची छाती धडधडली. त्याने खणखणीत आवाज दिला, "टेकू!" साऱ्या काठ्या रोवल्या गेल्या. भोयांनी खांदे सैल सोडून दीर्घ श्वास घेतले.

राजमातेने पडदा सारून विचारलं, "दमलास का रे?"

"नाही, आईसाहेब," तो ताठ मानेने म्हणाला. "आमच्या गावाची ही रीतच आहे."

पालखी सुखरूप पोचली. डोंगरावर शिंग वाजलं, तेव्हा खाली आबांनी डोळे पुसले आणि ते भेटेल त्याला सांगत सुटले, "आठवी पिढी! माझा नातू!"

तात्पर्य: काळजीचं ओझं जो वेळोवेळी खाली ठेवतो, त्याचंच शरीर टिकतं आणि त्याच्याच हातून मोठी कामं तडीस जातात.