साकव झालेला हत्ती

एका डोंगराळ जंगलात एक धिप्पाड हत्ती नांदत होता. दरवर्षी पुरात ओढ्यावरचा साकव, म्हणजे ओंडक्यांचा पूल, वाहून जाई आणि नव्या साकवासाठी झाडे पाडण्याचे काम हत्तीकडे येई. कोणते झाड पाडायचे हे मात्र म्हातारा सुतारपक्षी ठरवी. तो खोडावर टकटक करी, मान हलवी आणि पुढच्या झाडाकडे जाई. हत्ती ताटकळून जाई.

एके वर्षी हत्ती वैतागून म्हणाला, "आजोबा, झाड निवडताय की नवरी?"

"दाटीत अडकलेली, वाकडी झाडे घे रे," सुतारपक्षी म्हणाला. "काठावरची उंच, बी धरणारी राहू दे."

हत्तीने ऐकले नाही. एकाच सकाळी त्याने काठावरची सगळी उंच झाडे बुंध्यापाशी कडाकडा मोडली. दुपारपर्यंत साकव तयार! माकडांनी टाळ्या पिटल्या. हत्तीने इतक्या वेळा मान लववली की ती अवघडली.

पण मुलांनो, पुढच्या पावसाळ्यात बोडका काठ ढासळला आणि ओढा दुप्पट रुंद झाला. तेवढा लांब ओंडका आता जंगलात कुठेच उरला नव्हता, आणि चारा, फळे सगळी पलीकडे! तीच माकडे म्हणाली, "महाराज, झाडे आडवी केलीत, आता तुम्हीच आडवे व्हा."

हत्ती निमूट ओढ्यात आडवा झाला. त्याच्या पाठीवरून ससे गेले, हरणे गेली, रानडुकरे गेली. शेवटी आले साळिंदर, सहकुटुंब.

"जरा जपून हं!" हत्ती कळवळला.

"काटे काय घरी ठेवून येऊ?" साळिंदर म्हणाले.

त्या संध्याकाळी हत्ती सुतारपक्ष्यासमोर खाली मान घालून उभा राहिला. "चुकलो, आजोबा."

"मोडक्या बुंध्यांना धुमारे फुटलेत," सुतारपक्षी म्हणाला. "एकेका बुंध्यावर एकच जोमदार धुमारा ठेव. हरणांना तिकडे फिरकू देऊ नकोस. आणि चालताना पायाखाली बघ, रोपे उगवताहेत."

एवढा मोठा हत्ती काठावरून चवड्यांवर चालू लागला. धुमाऱ्यांची झाडे व्हायला चौदा वर्षे लागली. तोवर रोज सकाळ-संध्याकाळ तो ओढ्यात आडवा होत राहिला, आणि साळिंदराचे कुटुंब दरवर्षी वाढतच गेले.

तात्पर्य : जंगलातून घ्यावे ते निवडून घ्यावे आणि उरलेले वाढू द्यावे, सकाळी मोडलेले झाड संध्याकाळी उभे राहत नाही.