बावन्न खडकांची वही

जिथे खाडी समुद्राला मिळते, तिथे कोळ्यांची एक वस्ती होती. त्या वस्तीत हसाजी नावाचा म्हातारा तांडेल राहत असे. तांडेल म्हणजे होडीवरच्या खलाशांचा म्होरक्या.

खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली बावन्न खडक होते. ओहोटीलासुद्धा त्यांतले बरेचसे दिसत नसत. ते सगळे एकट्या हसाजीला पाठ होते. पण आता त्याच्या डोळ्यांवर पडदा येऊ लागला होता. तो तरुणांना तोंडी वाट सांगायचा. ते मान डोलवायचे आणि चार दिवसांनी विसरून जायचे.

वस्तीच्या पाटलाने एकदा त्याला म्हटलं, "हसाजी, तुला लिहिता येतं. डोळे आहेत तोवर ही वाट कागदावर उतरव."

हसाजीने आनंदाने मान्य केलं. गोष्ट सांगण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तो बोलू लागला की ऐकणाऱ्यांच्या ताटातलं कालवण गार व्हायचं. आपली वहीसुद्धा तशीच रंगली पाहिजे, असं त्याला वाटलं. त्याने कागद आणले, बोरू तासला, शाई घोटली. पण पहिलं वाक्य काही सुचेना.

महिना गेला. त्याची बायको येसू म्हणाली, "अहो, वही कोरीच आहे की."

"भरती आल्याशिवाय होडी सुटत नाही," हसाजी म्हणाला. "लिहिण्याचंही तसंच. मनाला भरती यावी लागते."

"समुद्राच्या भरतीची वेळ तुम्हाला ठाऊक असते. मनाची भरती किती वाजता येते?"

हा प्रश्न हसाजीला आवडला. त्याने शोध घ्यायचं ठरवलं. तो आंघोळ करून बसला, पेज पिऊन बसला. उंडीच्या झाडाखाली बसून पाहिलं, पूर्वेला तोंड करून पाहिलं. भरती आली नाही. ती आली दोनदाच. एकदा तो गळ्याएवढ्या पाण्यात उभा राहून जाळं सोडवत होता तेव्हा, आणि एकदा डोक्यावर माशांची टोपली होती तेव्हा. घरी येऊन कागदासमोर बसेपर्यंत ती ओसरून गेली होती.

असे सहा महिने गेले.

एका सकाळी धर्मा नावाच्या खलाशाची होडी 'म्हातारीचा दात' या खडकावर आपटून फुटली. बरोबरचे दोघे पोहून आले. धर्माचा पाय मांडीपासून मोडला. हसाजी त्याला भेटायला गेला. धर्मा खाटेवर पडून होता.

"काका, तुम्ही मला सांगितलं होतं," तो म्हणाला. "खडक डाव्या हाताला ठेवायचा की उजव्या, तेवढंच ऐन वेळी आठवेना."

घरी येऊन हसाजी तसाच कागदासमोर बसला. त्याचं मन जड झालं होतं, सुचत तर काहीच नव्हतं. त्याने लिहिलं: 'म्हातारीचा दात डाव्या हाताला ठेवावा. देवळाचा कळस उंडीआड गेला की उजवीकडे वळावं.'

त्याने ते पुन्हा वाचलं. कोरड्या भाकरीसारखी वाक्यं होती. तो कागद फाडणार, तेवढ्यात येसूने त्याचा हात धरला.

"फाडू नका. धर्माला एवढंच हवं होतं."

दुसऱ्या दिवसापासून हसाजीने एक नेम धरला. सकाळची पेज झाली की बसायचं, आणि एक खडक लिहून झाल्याशिवाय उठायचं नाही. एखाद्या दिवशी नुसतं खडकाचं नाव लिहून तो तासभर बसून राही. मग येसू भाजी चिरता चिरता विचारी, "त्या खडकावर कोणते पक्षी बसतात?" हसाजी म्हणे, "बगळे. ते उडाले की समजावं, पाणी चढायला लागलं." येसू म्हणे, "मग हेच लिहा की." आणि बोरू चालू लागे.

एखाद्या दिवशी तर सूर्य डोक्यावर आला तरी हात थांबत नसे. हसाजीला याचं मोठं नवल वाटे. एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. भरती पहिल्या ओळीच्या आधी कधीच येत नव्हती. आली तर पाचव्या नाहीतर सहाव्या ओळीला यायची. नाही आली तरी त्या दिवसाचा खडक लिहून झालेला असायचा.

लिहिलेली पानं घेऊन तो रोज दुपारी धर्माकडे जाई. पाय जुळेपर्यंत धर्माला दुसरं काम नव्हतं. त्या पानांवरच हसाजीने त्याला अक्षरं शिकवली. शेवटचे खडक लिहिताना हसाजीला आपलंच अक्षर दिसेना. तो बोटाएवढी मोठी अक्षरं काढू लागला. बावन्नावा खडक संपला आणि थोड्याच दिवसांत त्याची दृष्टी पार गेली.

पावसाचा जोर ओसरला. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात उतरल्या. धर्माच्या होडीत हसाजी नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाशी बसला. धर्मा एकेक पान मोठ्याने वाचायचा आणि सुकाणू वळवायचा. मागून वस्तीच्या अकरा होड्या त्याच वाटेने येत होत्या. 'म्हातारीचा दात' जवळ आला तेव्हा धर्माने ते पान दोनदा वाचलं आणि खडक डाव्या हाताला ठेवला. होडी कुठे घासली नाही. बावन्न खडक मागे पडले आणि लाटा लांब झाल्या. उघडा समुद्र आला, हे हसाजीने अंगानेच ओळखलं.

तो म्हणाला, "धर्मा, एक विचारू? यातली काही पानं मी भरात लिहिली आणि काही कपाळाला हात लावून, ओढूनताणून लिहिली. वाचताना तुला कोणती कुठली ते कळतं का?"

धर्माने वही चाळली. तो पुन्हा पहिल्या पानावर गेला, मध्येच थांबला, शेवटपर्यंत आला.

"नाही कळत, काका," तो म्हणाला. "सगळी पानं सारखीच वाटतात. सगळ्यांनी वाट बरोबर दाखवली."

"खरं सांगू?" हसाजी म्हणाला. "आता माझंही मला आठवत नाही."

तात्पर्य: सुचल्यावर बसू म्हणणाऱ्याचा कागद कोरा राहतो, जो आधी बसतो त्याला सुचतं, आणि नाही सुचलं तरी त्याचं काम कोणाच्या तरी उपयोगी पडतं.