चिमाक्काची चुकीची चिमूट

आमच्या पांढरटेकात पोर रुसून बसलं, की आजही आई म्हणते, "थांब, चिमाक्काला सांगते तुझा रंग काढायला." चिमाक्का जाऊन किती पिढ्या उलटल्या, ते गावात कुणालाच ठाऊक नाही. तरी पोर हसतं.

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. चिमाक्का टेकडीवरचे मऊ पांढरे दगड फोडायची, जात्यावर दळायची आणि ती रांगोळी पाटीत घेऊन दारोदार विकायची. नुसती विकून गप्प बसेल तर चिमाक्का कसली! ज्या दारात जाई तिथं एक गोल मंडल काढी, आणि त्या घराच्या मनातलं सगळं त्यात उतरे. लेक सासरी निघालेली असली, तर कमळाची एक पाकळी बाहेर कललेली. नवरा-बायकोचा अबोला असला, तर एकमेकांकडे पाठ केलेले दोन पोपट. मग संध्याकाळी नवरा गुपचूप एक पोपट पुसून तोंड फिरवून काढी. तो कावळ्यासारखा दिसे, बायकोला हसू फुटे आणि घरात पुन्हा चूल पेटे. चिमाक्काचा रंग कधी चुकला नाही, असं म्हणतात.

त्याच गावात कोष्ट्याची सून हौसा राहायची. तिची एकुलती एक लेक चंपी तापानं गेली. हौसा रडली नाही. उंबऱ्याला टेकून बसली ती बसलीच. अन्न नाही, पाणी नाही, तोंडातून शब्द नाही. माणसाचं दुःख आतल्या आत कोंडलं, की ते माणसालाच खातं. सासू पदर तोंडात धरून म्हणाली, "लेकीमागं आईबी चालली गं माझ्या घरातनं."

ते ऐकून चिमाक्का पाटी घेऊन आली आणि अंगणात बसली. लगेच बाबू गुरव धावला. "सुतकाच्या दारात रांगोळी? गावावर अरिष्ट आणतीस व्हय?"

"अरिष्ट आलंय की ह्या दारात," चिमाक्का म्हणाली. "आता त्येला बसाया जागा तरी करू दे. बसल्याबिगार त्ये उठायचं कसं?"

गुरव बाजूला सरला. चिमाक्कानं पांढरा गोल ओढला. हौसाच्या पुढ्यात हळद, गुलाल, गेरू, चुलीतला कोळसा, वाळल्या पाल्याची हिरवी पूड, सगळं मांडलं. हौसा बघेना. मग चिमाक्कानं हळदीची चिमूट घेतली आणि गोलाच्या मधोमध सोडली.

"पिवळा न्हवं," हौसा म्हणाली.

अंगणातली माणसं चमकली. चिमाक्कानं मान वर केली नाही. "मग कंचा गं?"

"हिरवा. बांगड्या हिरव्याच मागायची ती. पिवळ्या घातल्या की भुईवर आपटायची."

"मग घाल की तूच."

हौसानं हात पुढं केला. हिरव्या पुडीनं तिनं इवल्या बांगड्या काढल्या, मग इवली पावलं. सगळ्याला कोळशाचा काळा वेढा घातला. आणि मग तिनं असा हंबरडा फोडला, की माग बंद पडले आणि अख्खी कोष्टीआळी तिच्याबरोबर रडली. दिवस कलताना सासूच्या हातची आंबील ती घोटभर प्यायली.

त्या रात्री मोठी वावटळ आली. छपरं उडाली, पण मंडलाचा कण हलला नाही. सकाळी लोक बघतात, तर तशीच नवी हिरवी पावलं काळा वेढा ओलांडून थेट टेकडीपर्यंत गेलेली, असं म्हणतात. मी काही पाहिलेली नाहीत. पण कुणी खोटं म्हटलं तर मला राग येतो.

चिमाक्काचा रंग त्या दिवशी खरंच चुकला, की तिनं मुद्दाम चुकवला, यावरून गावात अजून भांडणं होतात. हौसानं एकदा तिला विचारलं होतं. ती नुसती हसली आणि पाटी उचलून पुढच्या दाराला गेली, असं म्हणतात.

दुसरीकडं सुतकात रांगोळी काढत नाहीत. पांढरटेकात काढतात. शेजारीण येते, अंगणात पांढरा गोल ओढते, रंग मांडते आणि पहिली चिमूट मुद्दाम चुकीची टाकते. मग ती हात आवरून बसून राहते. केव्हातरी घरातलं कुणीतरी म्हणतं, "हा न्हवं." आणि गेलेल्या माणसाबद्दल बोलू लागतं.